मालकांची सुपारी

मालकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. गिरगावातल्या त्यांच्या वाडीत खोली भाड्यानं मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. मी पगडी नीट बसवून, चेहरा शक्य तेवढा सज्जन करून गेलो, तर वाडीच्या तोंडाशीच पन्नाशीचे एक गृहस्थ धोतर सावरून एका कुत्र्याच्या मागे उकिडवे बसले होते. कुत्र्याची शेपटी त्यांनी दोन बोटांत धरून वर उचलली होती आणि चष्मा कपाळावर सारून ते मोठ्या एकाग्रतेनं काहीतरी निरखत होते. मी खाकरलो. ते वळले नाहीत.

"वाडीचे मालक कुठं भेटतील?" मी विचारलं.

"भेटलेत," ते शेपटी न सोडता म्हणाले. "जरा थांब. शितं दिसताहेत."

उठल्यावर त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. त्या काळी गिरगावात खोली मागायला गेलेल्या माणसाला हे तीन प्रश्न चुकत नसत. त्यांनी विचारलं, "कुत्रं आहे?"

"नाही."

"पाळशील?"

"छे हो!"

"सगळे असंच म्हणतात. पाळलंस की आधी मला दाखव आणि मग खोलीत घे," असं म्हणून त्यांनी मला किल्ली दिली. ज्या हातानं शेपटी धरली होती त्याच हातानं दिली, हे मला खोलीत गेल्यावर आठवलं आणि मी किल्लीसकट हात धुतले.

मुंबईत प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा ट्रामला घोडे होते, रस्त्यावर गॅसचे दिवे होते आणि मी बंदराकडच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होतो. मालक पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायचे. वडिलार्जित दोन चाळी होत्या, बायको वारलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे नोकरी सोडली तेव्हा त्यांचं काही अडलं नाही. सगळी वाडी त्यांना मालकच म्हणे. ते मात्र वाडीतल्या प्रत्येकाला विद्यार्थी समजत आणि अरेतुरे करत.

त्यांना एकच नाद होता, आणि तो म्हणजे कुत्र्यांच्या पोटातले जंत. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला तमाशाचा असतो, ते लपवता तरी येतात. जंताचे तुकडे भाताच्या शितांसारखे कुत्र्याच्या शेपटीखाली चिकटतात, त्यामुळं हा नाद भर रस्त्यात करावा लागे. ठाकूरद्वारापासून चौपाटीपर्यंत मालकांबरोबर चालत जाणं म्हणजे अब्रूची परीक्षा होती. बोलता बोलता ते एकदम दिसेनासे होत. मागे वळून पाहावं तर स्वारी कुणाच्या तरी कुत्र्याच्या पिछाडीला बसलेली, आणि भोवती दहा माणसं जमलेली. नवशिक्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला भोवळ आली. जाणते लोक म्हणत, चला, मालक बसले.

हा नाद लागला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात मालकांनी कुत्र्यांच्या रोगांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. घरी आणून उघडलं तर आत बहुतेक वाळवीचं वारूळ. पुढची पानं गेली होती, मागची गेली होती. मधलं जंतांवरचं प्रकरण तेवढं धडधाकट उरलं होतं. वाळवीलासुद्धा ते वाचून किळस आली असावी. मालकांनी ते प्रकरण इतक्या वेळा वाचलं की त्यांना ते तोंडपाठ झालं, आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी कुत्र्याला जगात एकच रोग उरला. कुत्रं खंगलं की जंत, फुगलं की जंत. भुंकतं म्हणून जंत, आणि भुंकत नसेल तर मग जंत फारच. नोकरीवरून रागावलेला बाप मुलाला मारताना दिसला, तरी मालक गॅलरीतून ओरडत, "अरे, त्याला काय मारतोस? तुझ्या पोटात बघ आधी!"

शाळा सुटली तीही याच पायी. वरचे गोरे साहेब शाळा तपासायला आले, बरोबर त्यांचं कुत्रं होतं. वर्गात मुलं उभी, साहेब उभे, हेडमास्तर घाम पुसत उभे, आणि आमचे मालक फळ्याकडून चालत आले ते थेट कुत्र्याच्या मागे जाऊन बसले. मग तसंच बसल्याजागी मान वर करून त्यांनी शुद्ध इंग्रजीत साहेबांना सांगितलं, की सर, आपल्याकडे जंत आहेत. कुत्र्याकडे, असं म्हणायचं राहून गेलं. हेडमास्तरांनी त्यांना संध्याकाळी बोलावून घेतलं आणि दोघांच्या संमतीनं मालक घरी बसले. पण पुढं त्या साहेबांचा पट्टेवाला औषध विचारायला वाडीत आला होता, हे मालक फार अभिमानानं सांगत.

त्यांचं औषध म्हणजे सुपारी. चांगली ओल असलेली सुपारी अडकित्त्यानं कातरायची, खलात कुटायची, तुपात कालवायची आणि उपाशी कुत्र्याच्या घशात घालायची. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. हे विलायती पुस्तक आपल्याच रोठा सुपारीची तारीफ करतं म्हणून त्यांना त्याच्यावर जास्तच भरवसा. बंडीच्या एका खिशात अडकित्ता आणि दुसऱ्यात सुपाऱ्या घालून ते रविवारी फेरीला निघत. औषध देताना मात्र कुत्र्याचं तोंड मालकांनी कधी धरलं नाही. ते काम ज्याचं कुत्रं त्याचं. "तू जबडा धर, मी घालतो," असं म्हणून ते लांबूनच नेमकी गोळी टाकत.

सुपारीपायी घोटाळेही होत. आपल्याकडे सुपारी घेऊन माणूस दारात आला की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चौपाटीजवळ एक कोळीण राहायची, तिचा काळ्या नावाचा कुत्रा मालकांनी हेरून ठेवला होता. एका रविवारी ते तिच्या दारात जाऊन म्हणाले, "सुपारी घेऊन आलोय." कोळणीच्या घरात लग्नाची मुलगी. बाई आत धावली, पाट मांडला, शेजारणींना हाका गेल्या, कुणीतरी नारळ आणला. सगळं जमल्यावर तिनं पदर सावरून विचारलं, "मास्तर, कंच्या घरची सुपारी हाय?"

"घरचीच आहे. काळ्याला धरा, एवढंच."

त्यावर चार बायकांनी मिळून मालकांना जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. पण औषध झालं, गुणही आला. पुढं मुलीचं खरोखरच ठरलं तेव्हा कोळणीनं मालकांना मानाचं बोलावणं धाडलं, आणि येताना खिसा रिकामा ठेवून या म्हणून निरोप दिला.

जंत पसरतात कसे, यावर ते गॅलरीत उभं राहून व्याख्यान देत. खाटकाकडची आतडी कुत्र्याला कच्ची घालू नका. पिसवा मारा, कारण पिसू आणि जंत यांची भागीदारी आहे. कुत्रं अंगावरची पिसू चावून गिळतं आणि जंत आयता आत जातो. पिल्लू आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतं, तेव्हा आईला आधी बघा. अंगणात घाण पडली की राख टाकून उचला, पोरं तिथंच खेळतात. हे सगळं बरोबर होतं, पण सांगायची तऱ्हा त्यांची. खोताच्या वाडीतला एका ख्रिस्ती बाईंचा लठ्ठ कुत्रा आणि आमच्या गल्लीतली लूत भरलेली कुत्री या दोघांच्या शेपटीखाली सारखीच शितं सापडली, तेव्हा मालकांनी जाहीर केलं, "हे दोघे सगोत्र आहेत!" बाईंना सगोत्र म्हणजे काय ते कळेना. कुणीतरी समजावून सांगितल्यावर त्यांनी मालकांच्या तोंडावर दार लावलं, आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घेऊन स्वतःच आल्या.

आम्ही त्यांच्यावर पोट धरून हसत असू. त्यांनाही ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

पुढच्या वर्षी माझी बायको मालवणकडून आली. आठ माणसांच्या घरातली मुलगी, इथं एका खोलीत येऊन पडली. मी सकाळी वखारीत जायचो तो दिवेलागणीला परत. तोवर तिच्याशी बोलायला कुणी नसे. एका दुपारी कपाळावर पांढरा ठिपका असलेलं एक पिल्लू जिन्यात कुंईकुंई करत बसलेलं तिला दिसलं. संध्याकाळी मी घरी आलो तर ते माझ्या धोतरावर झोपलेलं. त्याचं नावही ठेवून झालं होतं, टिक्या.

"मालकांना दाखवलंस?" मी विचारलं.

"कित्याक दाखवू? ते उगाच मेल्याची शेपटी वर करतले," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि तो विषय तिथंच राहिला. टिक्या आल्यापासून ती गाणी गुणगुणायला लागली होती. दिवसभर ती त्याच्याशी मालवणीत बोले, आणि तो कान टवकारून ऐके. मी आलो की दोघांनी मिळून केलेल्या गप्पा मला सांगे. त्या कुत्र्यानं माझ्या संसारावर फार मोठे उपकार केले आहेत, हे मला कबूल केलंच पाहिजे.

श्रावणात वाडीचा सत्यनारायण असे. अंगणात ताडपत्री बांधून चौरंग मांडला होता. मधे कलश, पुढे विड्याच्या पानावर सुपारीचा गणपती, तांदळावर नवग्रहांच्या सुपाऱ्या. दरवर्षी या सुपाऱ्या मालक द्यायचे. त्यांच्याकडे काय तोटा! सगळी वाडी जमली होती. भटजी तिसरा अध्याय संपवत आले होते, बायका पेंगुळलेल्या डोळ्यांनी ऐकत होत्या, आणि शिऱ्याचा वास सुटल्यामुळं पुरुषमंडळी अध्याय मोजत होती.

एवढ्यात टिक्या जिन्यातून खाली आला आणि अंगणाच्या मधोमध धाडकन आडवा झाला. पाय ताठ झाले, मान मागे गेली, जबडा कटकट वाजायला लागला आणि तोंडातून फेस यायला लागला. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग कुणीतरी किंचाळलं, "पिसाळलं! कुत्रं पिसाळलं!"

पुढं जी पळापळ झाली ती सांगवत नाही. बायकांनी मुलं उचलली, तांब्ये कलंडले, भटजी पोथीसकट पाटावर उभे राहिले. तळमजल्यावर एक म्हातारे राहायचे, कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना सगळे नाझर म्हणत. त्यांनी दाराचा अडसर काढून आणला आणि पाठोपाठ चार-पाच जण काठ्या घेऊन आले. नाझर काही दुष्ट नव्हते. त्यांची तीन नातवंडं दिवसभर त्याच अंगणात खेळत. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर त्या काळी मुंबईत औषध नव्हतं. माणूस पाण्याला भिऊन, तडफडून जायचा. हे सगळं मला समजत होतं. पण माझी बायको त्या कुत्र्याजवळ जमिनीवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

"बाजूला हो, पोरी," नाझर म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी मला धक्का देऊन पुढं गेलं. ते मालक होते. त्यांनी अंगावरचं उपरणं काढून टिक्यावर टाकलं, त्याला गुंडाळून उचललं आणि समोरच असलेल्या आपल्या खोलीत शिरून आतून कडी घातली. चाळीतल्या जिन्यावर चार पायऱ्यांना दोनदा थांबणारे मालक असे धावतील हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मी खिडकीकडे धावलो. "दार उघडा, मी येतो आत."

"तू बाहेर. तुझी बायको नवी आहे," ते गजांपलीकडून म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. टिक्याचे झटके थांबले होते आणि तो कोपऱ्यात धापा टाकत पडला होता. "हे जंतांनी होतं. लहान कुत्र्याला जंत फार झाले की असे झटके येतात. प्रकरणात आहे."

मागून नाझर ओरडले, "तुमच्या प्रकरणात सगळंच जंतांनी होतं! दार उघडा मालक, पोरांच्या जिवाशी खेळ नको."

मी खालच्या आवाजात विचारलं, "पण मालक, पिसाळलेलं नाही हे नक्की ना?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "पिसाळण्याचं प्रकरण वाळवीनं खाल्लंय रे," ते हळूच म्हणाले. "मला ठाऊक नाही."

ज्या एका गोष्टीवर आम्ही वर्षभर हसत होतो तिच्यावर आता टिक्याचा जीव टांगला होता, आणि आत असलेल्या मालकांचाही. "मग परळला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊ या," मी म्हणालो.

"हे लोक त्याला अंगणाबाहेर जाऊ देतील असं वाटतं तुला? सुपारी आण."

"तुमच्या खिशात असेल की!"

"अडकित्ता आहे. सुपाऱ्या सगळ्या पूजेला दिल्या. लवकर आण, पळ!"

मी वळलो तर माझ्यामागे बायको उभी होती. मी वाण्याच्या दुकानाकडे धावायच्या बेतात होतो, तोवर तिनं हात लांब केला आणि माझ्या तळहातावर एक सुपारी ठेवली. मी ती गजांतून आत दिली आणि मालकांनी ती तिथल्या तिथं अडकित्त्यात धरून कातरली. कट् असा आवाज झाला. आवाज झाल्यावर मला दिसलं की त्या सुपारीला हळदकुंकू लागलेलं होतं.

नाझरांनाही ते दिसलं. अडसर त्यांच्या हातातून खाली आला. "अरे, देव कातरला!" ते ओरडले. "पूजेतली सुपारी! गणपती घातला कुत्र्याच्या तोंडात!"

आता मात्र काठ्या घेतलेलेच नव्हेत, तर शिऱ्याची वाट पाहत बसलेलेही सगळे उठले. बायको पांढरीफटक पडली. ती घाईत चौरंगावरून हाताला लागेल ती उचलून आली होती. तिच्या माहेरी सुपारी म्हणजे परसातली वस्तू, तिला त्या क्षणी कुत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"सुपारी मी उचलली!" मालक आतून गरजले.

"तुम्ही खोलीत, चौरंग अंगणात," नाझर म्हणाले. नाझरांचा सगळा जन्म साक्षीपुरावे ऐकण्यात गेला होता. "तुमचा हात केवढा लांब आहे, मालक?"

"मी मागितली म्हणजे मीच उचलली! काय बहिष्कार घालायचा तो माझ्यावर घाला. आता गप्प बसा, मला कुटू द्या." आणि आतून खलबत्त्याचा आवाज यायला लागला.

सगळे भटजींकडे वळले. भटजी अजून पाटावर उभे होते. ते सावकाश खाली उतरले, चौरंगापाशी गेले आणि वाकून पाहू लागले. मी अगदी त्यांच्या शेजारी होतो. तांदळावरच्या नऊच्या नऊ सुपाऱ्या जागेवर होत्या. रिकामं होतं ते पुढचं विड्याचं पान. भटजींनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्या बायकोकडे पाहिलं. मग फुलं सारखी केल्यासारखा हात फिरवला. त्यांचा हात बाजूला झाला तेव्हा पानावर सुपारी होती आणि तांदळावर एक खळगा होता.

"गणपती जागेवर आहेत," भटजी म्हणाले.

"मग गेलं कोण?" नाझरांनी विचारलं.

"शनी."

लोक एकमेकांकडे पाहायला लागले.

"शनी कुत्र्यानं खाल्ला?" कुणीतरी विचारलं.

"खाल्ला. आता तो ह्या वाडीत कुणाच्या राशीला असेल तर बघा बुवा," असं म्हणून भटजी पाटावर बसले आणि त्यांनी चौथा अध्याय उघडला.

या बोलण्याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. वरच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या यजमानांना साडेसाती चालू होती. काकूंनी पदर खोचून विचारलं, "सगळा खाल्ला ना हो? की अर्धा राहिलाय?" दुसऱ्या एकानं राहू-केतूंचीही काही सोय होते का म्हणून चौकशी केली. काठ्या एकेक करून भिंतीला टेकल्या. एकटे नाझर अडसर घेऊन खिडकीशी उभे राहिले, कारण त्यांची भीती ग्रहांची नव्हती.

आत मालक एकटे होते. जबडा धरायला कुणी नव्हतं. आम्हाला फक्त झटापट ऐकू आली, भांडं पडल्याचा आवाज आला, मालक एकदा "हुं" असं म्हणाले आणि मग सगळं शांत झालं. थोड्या वेळानं ते खिडकीत आले. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलेलं होतं. "अडकित्ता लागला," ते म्हणाले. "औषध गेलंय पोटात. आता वाट बघायची."

पाचवा अध्याय संपला, आरती झाली. बायको खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती. मी तिला शिरा आणून दिला, तो तसाच द्रोणात राहिला. मग एकदम आतून मालकांची आरोळी आली, "नाझर! या, या! आणि सगळ्यांना बोलवा!"

नाझरांनी खिडकीतून पाहिलं आणि तसेच दोन पावलं मागे आले. मग मी पाहिलं. फरशीवर शिजवलेल्या शेवयांचं एक वेटोळं पडलेलं होतं आणि ते हलत होतं. त्यात लांबच लांब पांढऱ्या फितीसारखाही एक होता. मालक त्या ढिगाभोवती आनंदानं फेऱ्या मारत होते. "हा बघा चपटा, हे बघा गोल! दोन्ही प्रकारचे! अरे, माझ्या प्रकरणातली चित्रंसुद्धा इतकी चांगली नाहीत!" आणि टिक्या कोपऱ्यातल्या भांड्यातलं पाणी लपालपा पीत होता.

दार उघडलं. ज्यानं त्यानं आत डोकावून पाहिलं, शिसारी घेतली आणि मागच्याला जागा दिली. त्या दिवशी शिरा बराच उरला. नाझरांनी अडसर परत आपल्या दाराला लावून टाकला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण महिनाभर खोलीत बांधून ठेवा. मग बघू." त्यांचं म्हणणं रास्त होतं, आम्ही लगेच कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून मालक रोज सकाळी आमच्या दारात यायला लागले. "आहे ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "खातो? पाणी पितो?" मी हो म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. दारातून स्वतः पाहिल्याशिवाय ते हलत नसत. आम्हाला वाटलं, नाद आणखी वाढला. वाडीतली मंडळी त्यांना विचारायची, "काय मालक, शनीची तब्येत कशी आहे?" मालकही हसायचे. बायकोनं त्यांच्या त्या रोजच्या "आहे ना?"ची नक्कल बसवली होती, आणि मी वखारीतून आलो की ती मला ती करून दाखवी.

श्रावण संपला. गौरी-गणपती आले, गेले. टिक्या चांगला धष्टपुष्ट झाला आणि नाझरांच्या नातवंडांनी त्याला स्वतःच्या हातांनी सोडून अंगणात नेलं. त्या संध्याकाळी बायकोनं गुळाच्या खापरोळ्या केल्या आणि मालकांना आमच्याकडे बोलावलं. एरवी ती त्यांच्यासमोर दाराआडून बोले. त्या दिवशी ताटली पुढं करताना ती थबकली आणि त्यांच्या हाताकडे पाहत राहिली. बोटावरची चिंधी निघालेली होती.

"अडकित्तो एकाच बाजून कापता," ती म्हणाली. "ह्यां दोनय बाजूंनी कसां?"

मालकांनी हात पाठीमागे घेतला. मग त्यांनाच हसू आलं आणि त्यांनी तो पुन्हा पुढं केला. बोटाच्या वर दोन आणि खाली दोन, दातांच्या चार खुणा होत्या.

"त्या दिवशी?" मी विचारलं.

"जबडा धरायला कुणी नव्हतं ना."

"अहो, मग बोलला का नाहीत? काही लावायचं, तापल्या लोखंडाचा डाग घ्यायचा..."

"कुत्रं चावलं असं मी खिडकीतून म्हटलं असतं, तर नाझर थांबले असते का?" मालक म्हणाले. "मला तरी कुठं ठाऊक होतं, नुसते जंत आहेत की ते दुसरंही आहे? जंत पडले म्हणजे पिसाळलेलं नाही असं थोडंच आहे! मी रोज उठलो की आधी तांब्या तोंडाला लावायचो. पाणी घशाखाली उतरलं की मग तुमच्याकडे यायचो. हा जगला म्हणजे मी जगलो, एवढा हिशोब मला येत होता. आता झाले बरेच दिवस, आता हरकत नाही."

रोज सकाळच्या त्या "आहे ना?"वर आम्ही हसत होतो. माझे डोळे भरून आले आणि मला ते लपवता आले नाहीत. बायकोनं ताटली खाली ठेवली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन मालकांना वाकून नमस्कार केला. मग टिक्याला उचलून आणलं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"हो कुत्रो आता आमचो नाय," ती म्हणाली. "तुम्ही वाचवलास, तुमचो तो. तुम्ही घेवा त्याका."

टिक्यानं मान लांब करून मालकांचं तोंड चाटायला जीभ काढली. मालक झटकन मागे सरले ते भिंतीला जाऊन टेकले.

"नको, नको," ते घाईघाईनं म्हणाले, "तुमच्याकडेच असू दे. मला लहानपणापासून कुत्र्यांची फार भीती वाटते."